चावीवाल्याचा साबण

आपल्याकडे लाकडाचं ते कपाट आणि लोखंडाचं ते गोदरेज, अशी वाटणी फार वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याने ठोकून दिलेलं असलं, तरी घरातली आजी त्याला गोदरेजच म्हणणार. कुलूप, तिजोरी आणि कपाट या तीन वस्तूंमुळे हे नाव मराठी घरात इतकं मुरलं, की ते कुणा माणसाचं आडनाव आहे याचाच विसर पडला. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला तर तो विसर पडणं अधिकच सोपं. रोज सकाळी रोखपालाने आणि मी आपापली चावी लावल्याशिवाय जिचं दार हलायचं नाही, त्या तिजोरीच्या कपाळावर हेच नाव होतं.

माणसाचं नाव अर्देशीर. अर्देशीर बर्जोरजी गोदरेज. त्यांच्या कुलपांवर आणि तिजोऱ्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आज लिहायचं आहे ते त्यांच्या साबणाबद्दल. आणि साबणाच्या निमित्ताने एका अशा पदार्थाबद्दल, जो साबणात घालावाच लागतो, पण वडी हातात येईपर्यंत तिच्यात उरता मात्र कामा नये. त्याचं नाव सोडियम हायड्रॉक्साइड. बाजारातलं नाव कॉस्टिक सोडा.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत, एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले. घरचा धंदा जमीनजुमल्याचा. गोदरेज हे आडनावही तेव्हा नवंच व्हायचं होतं. ते घेतलं वडिलांनी, १८७१ साली. मुलगा शिकला, वकील झाला. १८९० साली बच्चूबाईंशी लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी, १८९१ च्या एप्रिलमध्ये, राजाबाई टॉवरवरून पडून बच्चूबाईंचा आणि त्यांच्याबरोबर असलेल्या नात्यातल्या एका मुलीचा मृत्यू झाला. त्या प्रकरणाने सगळी मुंबई हादरली. खटला झाला, आरोपी सुटला, आणि त्या दुपारी टॉवरवर काय घडलं याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. अर्देशीर तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. मूलबाळ नव्हतं. पुढच्या सगळ्या उद्योगाकडे पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी लागते, एवढंच म्हणतो. त्यावर कादंबरी रचण्याचा मोह माझ्यासारख्याला होऊ शकतो, पण तो आवरलेला बरा.

१८९४ साली एका दाव्याच्या कामासाठी ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबारला गेले. दावा चालू असताना त्यांच्या लक्षात आलं, की अशिलाच्या बाजूने बोलायचं तर वस्तुस्थितीला थोडा पीळ द्यावा लागणार. वकिलाच्या धंद्यात हे काही आभाळ कोसळावं असं नाही. अर्देशीर यांना मात्र ते जमेना. समजावणाऱ्यांनी समजावलं, अशील चिडला, आणि हे गृहस्थ काम सोडून मुंबईला परतले. वकिली तिथेच संपली.

परत आल्यावर त्यांनी एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून काम धरलं. तिथे शस्त्रक्रियेची अवजारं पाहून, ही इथेच का बनवू नयेत, असं त्यांच्या मनाने घेतलं. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी चाकू, चिमटे, कात्र्या तयार केल्या. माल इंग्रज व्यापाऱ्याला पसंत पडला. मग प्रश्न निघाला तो त्यावर देशाचं नाव कोणतं ठोकायचं याचा. हिंदुस्थानात बनलेला म्हटलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, असं व्यापाऱ्याचं म्हणणं. हिंदुस्थानात बनला आहे तर तेच लिहिलं पाहिजे, असं अर्देशीर यांचं. दोघेही हटले नाहीत आणि धंदा बुडाला. कर्जखात्यांची तपासणी करण्यात हयात गेलेला माणूस म्हणून सांगतो, माल उत्तम, गिऱ्हाईक तयार आणि धंदा बुडाला फक्त एका ओळीवरून, असं खातं माझ्या हाताखालून एकही गेलं नाही.

कामा मोठ्या मनाचे. त्यांनी दुसऱ्यांदा हात दिला. शहरातल्या घरफोड्यांची बातमी वाचून अर्देशीर कुलपांकडे वळले आणि १८९७ च्या मे महिन्यात लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारच्या एका शेडमध्ये, डझनभर कारागिरांना घेऊन काम सुरू झालं. कुलपांमागून काही वर्षांत तिजोऱ्या आल्या, धाकटे भाऊ पिरोजशा धंद्यात आले. कंपनीच्या नावातले बॉइस हे कामांचे भाचे. ते थोडेच दिवस भागीदार राहिले, नाव मात्र कायमचं राहिलं. इथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते.

पण पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, कुलपं-तिजोऱ्यांत नाव काढलेला माणूस १९१८ साली एकाएकी साबणाच्या मागे का लागावा?

त्यासाठी तेव्हाच्या आपल्या घरांत डोकवावं लागेल. अंगाला डाळीचं पीठ, केसांना शिकेकाई आणि रिठे, लुगड्या-धोतरांना धुण्याचा सोडा असा सगळा जुना कारभार होता. विलायती साबण १८८८ पासून कलकत्त्याच्या बंदरात उतरत होता. लीव्हर बंधूंचा सनलाइट तो. तो हळूहळू शहरी घरात शिरला, पण न्हाणीघरापर्यंतच. माझ्या लहानपणीसुद्धा नौपाड्यातल्या आमच्या वाड्यात दोन म्हाताऱ्या अशा होत्या, की सोवळ्यात असताना साबणाला शिवायच्या नाहीत. कारण एकच, त्यात जनावराची चरबी असते. आम्ही शाळकरी मुलं त्यांना हसत असू. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. विलायती साबणात गाईबैलांची, मेंढ्यांची, कधी डुकराची चरबी असायची. आणि काडतुसांच्या चरबीवरून १८५७ साली काय झालं हे विसरावं इतकं ते साल तेव्हा लांब गेलेलं नव्हतं.

आता चरबी कशाला हवी, हे समजायचं तर कॉस्टिक सोडा तेलाचं काय करतो हे पाहायला हवं.

कॉस्टिक सोडा दिसायला निरुपद्रवी असतो. पांढऱ्या पापुद्र्यांसारखा किंवा मण्यांसारखा. पाण्यात टाकला की पाणी आपोआप तापतं, भांड्याला हात लावता येत नाही इतकं. म्हणून पाण्यात सोडा थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर ते उसळून अंगावर येतं. हे पाणी चुकून बोटाला लागलं तर आधी बुळबुळीत वाटतं. ही बुळबुळ फसवी असते. आपल्या कातडीतल्या स्निग्धांशाचा तिथल्या तिथे साबण होऊ लागल्याची ती खूण. नळाखाली बराच वेळ हात धरला नाही तर कातडी जळते. साबण करणं आणि अंग भाजणं या दोन्हींच्या मुळाशी क्रिया तीच.

तेल असो वा चरबी, दोन्हींची घडण एकसारखी. एका खुंटीला तीन लांब दोऱ्या बांधाव्यात तशी. खुंटी म्हणजे ग्लिसरीन आणि दोऱ्या म्हणजे स्निग्धाम्लं. कॉस्टिक सोडा या तिन्ही दोऱ्या खुंटीपासून सोडवतो आणि प्रत्येकीच्या टोकाला आपलं सोडियम अडकवतो. सोडियम अडकलेली दोरी म्हणजे साबण. तिचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला, म्हणून मळ निघतो. खुंटी मोकळी होते, ते ग्लिसरीन. मग कढईत मीठ टाकलं की साबण वर तरंगतो, ग्लिसरीन आणि उरलेलं पाणी खाली राहतं. चरबीची ही घडण उलगडली मिशेल शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८२३ च्या सुमारास. हा गृहस्थ पुढे एकशे दोन वर्षं जगला.

कल्याणच्या शाखेत असताना माझ्याकडे डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक लहान साबणवाला खेळत्या भांडवलासाठी आला होता. मालाची तपासणी म्हणून मी त्याच्या शेडमध्ये गेलो, तेव्हा त्याने हे सगळं माझ्या भाषेत समजावलं. साहेब, म्हणजे तुमची तेरीज, असं काहीसं त्याचं म्हणणं. शंभर ग्रॅम खोबरेलाला अठरा ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक लागतो, शंभर ग्रॅम शेंगदाणा तेलाला साडेतेरा. प्रत्येक तेलाचा हिशेब वेगळा. सोडा जास्त पडला तर तो साबणात शिल्लक राहतो आणि गिऱ्हाइकाची कातडी सोलतो. कमी पडला तर तेल शिल्लक राहतं आणि वडी महिन्या-दोन महिन्यांत खवट होते. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. जुने कारागीर वडीला जिभेचं टोक लावून बघत, चटका बसला तर सोडा उरला. त्याच्याकडे त्यासाठी एका रसायनाची बाटली होती. सोडा शिल्लक असला तर तिच्यातल्या थेंबाने साबण गुलाबी व्हायचा.

त्याच्या पिंपांची झाकणं करकचून आवळलेली होती. त्याचंही कारण त्याने सांगितलं. उघडा राहिलेला कॉस्टिक सोडा हवेतला कार्बन डायॉक्साइड ओढून घेतो आणि त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा होतो. वजन भरतं, जोर मात्र कमी होतो, आणि मग सगळा हिशेब चुकतो. शेडमध्ये एकही ॲल्युमिनियमचं भांडं नव्हतं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, ठिणगी पडली तर भडका. लोखंडाची कढई मात्र खुशाल वापरा. सुश्रुतसंहितेत राखेच्या पाण्यात चुना घालून तीव्र क्षार करण्याची कृती आहे, आणि तोही लोखंडी भांड्यात ठेवायला सांगितला आहे, हे मला पुढे कधीतरी वाचनात आलं, तेव्हा मला त्या साबणवाल्याची आठवण झाली होती. शस्त्रक्रियेच्या अवजारांपासून क्षारापर्यंतचा अर्देशीर यांचा प्रवास सुश्रुताला अनोळखी वाटला नसता.

तर चरबीचा प्रश्न. कॉस्टिक सोड्याला दोरी कुणाची याच्याशी काही देणंघेणं नाही. गाय, डुक्कर, नारळ, मोह, तीळ, त्याच्या लेखी सगळे सारखे. फरक पडतो तो दोऱ्यांच्या जातीमुळे. घट्ट चरबीतल्या दोऱ्यांचा साबण टणक होतो, वडी बरेच दिवस पुरते. पातळ तेलांचा साबण मऊ होतो, पाण्यात ठेवला की लगदा. खोबरेल हा यातला अपवाद. त्याचा साबण टणक आणि भरपूर फेसाचा, खाऱ्या पाण्यातसुद्धा फेस देणारा, पण एकट्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. तेव्हा वनस्पती तेलांचं असं मिश्रण साधायचं, की वडी टणक व्हावी, फेस यावा, अंग कोरडं पडू नये आणि किंमत आवाक्यात राहावी. चरबी घातली की हे सगळं स्वस्तात जमतं. म्हणून कारखानदार चरबी घालत होते. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हिशेब होता.

अर्देशीर यांनी तो हिशेब चरबीविना जमवला. १९१८ साली त्यांचा कपडे धुण्याचा साबण बाजारात आला. नाव ठेवलं चावी. कुलूपवाल्याच्या साबणाला दुसरं कुठलं नाव शोभलं असतं? युद्धामुळे परदेशी माल महाग आणि दुर्मीळ झालेला होता, हेही पथ्यावर पडलं. मग पुढल्या तीन-चार वर्षांत अंगाचे साबण आले, आधी नंबर दोन आणि मागाहून नंबर एक. हा उलटा क्रम का, तर दोन नंबरचा इतका चांगला तर एक नंबरचा कसा असेल असं गिऱ्हाइकाला वाटावं म्हणून, असं सांगतात. झांझिबारला पीळ न सोसणाऱ्या वकिलाला जाहिरातीतली ही एवढी गंमत चालली म्हणायची. रवींद्रनाथ ठाकूर यांचा या साबणाला पाठिंबा जाहिरातीत झळकला, ॲनी बेझंटही त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या.

यात मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. अर्देशीर पारशी. त्यांच्या धर्मात चरबीला अशी मनाई नाही. आणि रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर वादच उरत नाही. कढईतून बाहेर पडल्यावर चरबी ही चरबी राहिलेलीच नसते, आणि नारळातून निघालेली एखादी दोरी व गाईच्या चरबीतून निघालेली त्याच जातीची दोरी शेजारी ठेवली, तर कुठली कोणाची हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्यांना हे सांगून गप्प करता आलं असतं. चांगले चांगले विद्वान तसं करतही होते. अर्देशीर यांनी तो मार्ग घेतला नाही. पदार्थ बदलला हे खरं असलं, तरी जनावर मारलं गेलं होतं हे काही बदलत नाही, आणि ज्या शेजाऱ्याला ते नको आहे त्याला ते न सांगता देणं हे खोटं लेबल लावण्यासारखंच आहे. त्यांचं मन असं चाललं असावं, असा माझा तर्क आहे. अवजारांवर कुणाचं नाव घालायचं यासाठी धंदा बुडवणाऱ्या माणसाबाबत हा तर्क फार धाडसाचा नसावा.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. अर्देशीर यांचा साबण हा जगातला पहिला चरबीविरहित साबण, असं आजही छापून येतं. ते खरं नाही. सीरियातल्या हलब शहरात, स्पेनमध्ये, इटलीत ऑलिव्हच्या तेलाचा साबण शतकानुशतकं होत आला आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८८ साली निघालेल्या हुकुमाने तर मार्सेयच्या साबणवाल्यांना ऑलिव्हच्या तेलाखेरीज दुसरं काही वापरायलाच बंदी होती. अर्देशीर यांचं मोठेपण दुसरीकडे आहे. ऑलिव्ह न पिकणाऱ्या देशात, देशी तेलांवर, विलायती साबणाच्या तोडीची वडी त्यांनी काढली आणि कारखान्याच्या प्रमाणावर काढली. तेवढं पुरेसं आहे. त्यात जगातला पहिला हे बिरुद चिकटवलं तर ते स्वतः ते खरवडून काढायला बसले असते.

आणि याच माणसाच्या साबणात एक परदेशी जिन्नस होता. चुकवताच न येण्यासारखा. तेल देशी, कारागीर देशी, पण कॉस्टिक सोडा देशी नव्हता. १९१८ साली हिंदुस्थानात विक्रीसाठी कॉस्टिक सोडा करणारा कारखानाच नव्हता. तो बोटीने यायचा, मुख्यतः इंग्लंडातून. अर्देशीर यांची कुलपांची शेड लालबागला सुरू झाली त्याच १८९७ साली, चेशर परगण्यात रनकॉर्न इथे एक कारखाना सुरू झाला होता. कास्टनर आणि केल्नर या दोघांच्या पद्धतीने मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची, की एका बाजूला क्लोरीन वायू आणि दुसऱ्या बाजूला कॉस्टिक सोडा. एक किलो कॉस्टिकला दीड किलोच्या आसपास मीठ लागतं. चेशरची जमीन पोटात मीठ बाळगून आहे, त्यामुळे त्यांना मालाची वाण नव्हती.

पण मिठाची वाण आपल्याला तरी कुठे होती? ठाण्याहून दादरकडे जाताना मुलुंड सोडलं की डाव्या हाताला खाडीकडे मिठागरं लागायची, थेट कांजूरमार्ग-विक्रोळीपर्यंत. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सकाळच्या उन्हात मिठाचे ढीग पांढरे चमकताना दिसत. मीठ इथे, कढई लालबागला, आणि मधला जिन्नस मात्र सात समुद्रांपलीकडच्या मिठापासून करून इथे यायचा. कारणं उघड होती. कॉस्टिक करायला स्वस्त आणि भरपूर वीज लागते. खोपोलीहून टाटांची वीज मुंबईत आली १९१५ साली, ती गिरण्यांनी उचलली. शिवाय एक किलो कॉस्टिकमागे पाऊण किलोहून जास्त क्लोरीन निघतो, त्या विषारी वायूला गिऱ्हाईक हवं. आणि राज्य ज्यांचं होतं त्यांचेच कारखाने माल विकत होते, त्यांना इथे दुसरा कारखाना उभा राहण्याची घाई असण्याचं कारण नव्हतं.

स्वदेशीच्या प्रश्नावर अर्देशीर यांचं मत चळवळीतल्या पुष्कळांना रुचणारं नव्हतं. देशी माल वाईट असला तरी त्याग म्हणून तोच वापरावा, हे त्यांना मान्य नव्हतं. माल विलायतीच्या तोडीचा करा, मग त्यागाची भाषाच लागणार नाही, असा त्यांचा रोख. बाजार त्यांना कळत होता. वाईट वडी माणूस पहिल्यांदा देशप्रेमाने घेतो आणि दुसऱ्यांदा घेत नाही. परदेशी कॉस्टिक वापरणं हे या विचाराशी विसंगत नाही, असं मला वाटतं. स्वदेशीचं सोवळं पाळणारा माणूस कॉस्टिक मिळेपर्यंत थांबला असता आणि साबण निघालाच नसता. पण पैशाच्या बाबतीत हेच अर्देशीर चळवळीत मागे नव्हते. लोकमान्य १९२० साली गेले आणि त्यांच्या नावाने एक कोटीचा स्वराज्य फंड उभारायचं ठरलं, तेव्हा त्यांनी तीन लाख रुपये दिले. एका माणसाने दिलेल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या देणग्यांत तिची गणना होते. त्या काळचे तीन लाख म्हणजे किती, हे आजच्या रुपयात सांगण्याचा खटाटोप मी करत नाही. माझ्या बँकेतल्या पहिल्या पगारातसुद्धा मला ते कल्पनेपलीकडचे वाटले असते, आणि तो पगार त्यानंतर चाळीसएक वर्षांनी मिळाला होता.

१९२८ साली अर्देशीर यांनी सगळा कारभार पिरोजशांच्या हाती सोपवला. गोदरेज सोप्स ही कंपनी नोंदली गेली तीही त्याच वर्षी. साठीच्या माणसाने उभा केलेला धंदा सोडायचा म्हणजे काय, हे मी निवृत्तीच्या दिवशी चाव्यांचा जुडगा पुढच्या अधिकाऱ्याच्या हाती देताना थोडंसं अनुभवलं, तेही दुसऱ्याच्या चाव्या होत्या म्हणून थोडंसंच. अर्देशीर नाशिकजवळ जमीन घेऊन शेती करू लागले. कुलपं जमली, तिजोऱ्या जमल्या, साबण जमला, शेती मात्र जमली नाही. जमिनीचा हिशेब तेरजेत बसत नाही, तिच्यात पाऊसही एक भागीदार असतो. १९३४ साली लीव्हर कंपनीने लालबागपासून हाकेच्या अंतरावर शिवडीला आपला साबणाचा कारखाना काढला. विलायती साबण आता मुंबईतच शिजू लागला, आणि चावीवाल्यांच्या पुढच्या पिढीला खरी टक्कर द्यावी लागली ती इथून पुढे.

१९४३ साली पिरोजशांनी विक्रोळीची जमीन लिलावात घेतली. कारखाने तिकडे गेले, साबणाचाही गेला, आणि खाडीकाठची तिवरं त्यांनी राखली म्हणून आजही गाडीतून तो हिरवा पट्टा दिसतो. साठच्या दशकानंतर ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनांचे कारखाने उभे राहिले, त्यात कॉस्टिक सोडाही होऊ लागला. कल्याणजवळ मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात लाकडाचा लगदा कॉस्टिकमध्ये भिजवून त्याचं सूत निघायचं. तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला. आमच्या नौपाड्यातल्या कितीतरी घरांचे पगार त्या एका दाहक पांढऱ्या पदार्थाच्या आसपास फिरत होते. त्याची किंमतही खाडीने मोजली. तेव्हाच्या पद्धतीत पारा वापरला जाई, आणि तो खाडीच्या गाळात उतरल्याचं पुढे अभ्यासकांना आढळलं. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांत आता पूर्वीसारखं मीठ पिकत नाही.

अर्देशीर यांना यातलं काहीच पाहायला मिळालं नाही. ते १९३६ साली वारले. त्याच वर्षी दक्षिणेत, कावेरीवरच्या धरणाच्या विजेच्या भरवशावर, मेत्तूर इथे एका रसायन कंपनीची स्थापना झाली. धरण नवंकोरं होतं, १९३४ साली पुरं झालेलं. मीठ समुद्रावरून आणायचं आणि वीज धरणाची वापरायची, असा बेत होता. कॉस्टिक सोडा तिथून बाहेर पडायला १९४१ साल उजाडलं.